काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे इंग्लंड: इप्सविचच्या एका दुकानाची साक्ष

१/२२
गेले काही दिवस एक छायाचित्र आपल्या सर्वांच्या पडद्यांवरून फिरते आहे. अरुंद गल्ली, रस्त्यावर झुकलेले मजले, डांबरासारखी काळी लाकडे आणि त्यांच्यामध्ये शुभ्र पांढऱ्या भिंती. खाली ओळ अशी: "मध्ययुगीन इंग्लंड, जसेच्या तसे. इंग्रजांनी जपले, आपण पाडले." ही ओळ पुढे पाठवणाऱ्यांत इतिहासाचे विद्यार्थीही आहेत, म्हणूनच हा धागा लिहिणे मला आवश्यक वाटले. सामान्य पर्यटकाने ती ओळ पाठवली असती, तर मी गप्प बसलो असतो.

२/२२
त्या एका ओळीत तीन दावे दडलेले आहेत. पहिला: काळे लाकूड आणि पांढरी भिंत हेच मध्ययुगीन रूप. दुसरा: ते "जसेच्या तसे" आपल्यापर्यंत आले. तिसरा: जपणूक हा इंग्रजांचा स्वभाव आणि पाडापाड हा आपला. माझे प्रतिपादन असे की तिन्ही दावे पुराव्यापुढे टिकत नाहीत. साक्षीदार म्हणून मी कोणताही किल्ला वा राजवाडा आणत नाही. एका बाजारपेठेतले एक दुकान पुरेसे आहे.

३/२२
इंग्लंडच्या पूर्वेस सफोक परगण्यात ऑरवेल नदीकाठी इप्सविच हे जुने बंदराचे गाव आहे. लोकर आणि कापड यांच्या व्यापारावर ते पोसले गेले. आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वूल्झी याच गावातला. तेथे बटरमार्केट या रस्त्यावर, सेंट स्टीफन्स लेनच्या कोपऱ्यावर एक घर उभे आहे. आज त्याला 'एन्शंट हाउस' म्हणतात. जुने नाव 'स्पॅरोज हाउस'. खाली दुकान, वर माड्या. स्पॅरो कुटुंबाकडे ते पिढ्यान्‌पिढ्या होते. पुढे बराच काळ तेथे पुस्तकांचे दुकान चालले. इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याला सर्वोच्च श्रेणी आहे.

४/२२
आता या घराचे छायाचित्र शोधून पाहा. काळे-पांढरे पट्टे कोठे आहेत? कोठेच नाहीत. दर्शनी भागावर चुन्याचा गिलावा आहे आणि त्यावर उठावाची चित्रे, फुलांच्या माळा, मनुष्याकृती. तरीही ही इमारत अस्सल लाकडी सांगाड्याची आहे. तिचा सारा भार लाकूडच पेलते. ते गिलाव्याच्या आत आहे, इतकेच. म्हणजे इंग्लंडमधील सर्वांत नामांकित लाकडी दुकानांपैकी एक आपले लाकूड दाखवतच नाही. आपला वाद येथूनच सुरू होतो.

५/२२
प्रथम बांधणी समजून घेऊ. या पद्धतीत भिंत भार वाहत नाही, सांगाडा वाहतो. ओकचे लाकूड ओले असतानाच तासत, कारण वाळलेला ओक लोखंडासारखा कठीण होतो. सुतार आपल्या अंगणात खांब, तुळया, तिरके आधार जमिनीवर आडवे मांडून जुळवत. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. खुंटीची भोके मुद्दाम किंचित सरकवलेली असत, त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा आवळला जाई. मग प्रत्येक सांध्यावर खुणेचे आकडे कोरत, सारे सुटे करत, गाडीवर घालून जागेवर नेत आणि आकडे जुळवून पुन्हा उभे करत.

६/२२
खांबांमधल्या मोकळ्या चौकटी कशाने भरत? त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: कूड. काठ्या उभ्या रोवून त्यांत लवचिक फांद्या विणायच्या आणि त्यावर माती, शेण, चिरलेला पेंढा यांचा लेप द्यायचा. कोकणातल्या कुडाच्या भिंतीचे वर्णन करतो आहे असे वाटेल, पण हे वर्णन सफोकचे आहे. पूर्व इंग्लंडमध्ये चांगला बांधकामाचा दगड जवळजवळ नाही. गारगोटी, खडू आणि चिकणमाती मात्र मुबलक. हाताशी जे होते त्यातून ही पद्धत घडली. हौस नंतर आली.

७/२२
पुढे झुकलेल्या मजल्यांविषयी एक लोकप्रिय कथा आहे: तळमजल्याच्या जागेवर कर होता, म्हणून लोकांनी वरचे मजले बाहेर काढले. या कथेला पुराव्याचा आधार नाही. शिवाय असे मजले मोकळ्या माळावरच्या शेतघरांनाही आहेत. तेथे ना जागेची टंचाई, ना रस्त्याची अडचण. बहुतेक ठिकाणी मजला फक्त दर्शनी बाजूलाच पुढे येतो, मागच्या बाजूला नाही. याचा अर्थ सरळ आहे. शहरात थोडी जागा मिळे हे खरे, पण पुढे आलेला मजला हा प्रामुख्याने ऐपतीचा जाहीर उच्चार होता. दुकानदाराला तो हवाच असणार.

८/२२
आता दावा पहिला: काळे-पांढरे हेच मूळ रूप. उघड्यावर राहिलेला ओक काळा पडत नाही, तो रुपेरी करडा होतो. त्याला टिकण्यासाठी डांबराची गरज नाही. सफोकमधल्याच लॅव्हनम या गावी गेलात तर लाकूड करडे दिसेल, आणि अनेक घरांवर चुन्याचा वा गेरूसारख्या रंगाचा हात भिंत आणि लाकूड दोहोंवरून एकसारखा फिरवलेला दिसेल. ज्याने घर बांधले, त्याला लाकूड आणि भिंत यांत रंगाची फाळणी करावीशी वाटली असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

९/२२
मग हा काळा-पांढरा रंग आला कोठून? मोठ्या प्रमाणावर एकोणिसाव्या शतकातून. चेस्टर शहराचे उदाहरण घ्या. तेथील मुख्य चौकातली जी डौलदार काळी-पांढरी इमारत प्रत्येक "मध्ययुगीन चेस्टर" चित्रात झळकते, ती टी. एम. लॉकवूड या वास्तुकाराने १८८८ साली उभारली. त्या साली न्यायमूर्ती रानडे पुण्यात हयात होते आणि मुंबईचे बोरीबंदर स्थानक बांधून पूर्ण झाले होते. चेस्टरच्या दुमजली बाजारगल्ल्यांचा आराखडा खरोखर तेराव्या शतकापर्यंत मागे जातो. पण त्यावरचे कितीतरी चेहरे व्हिक्टोरियन आहेत.

१०/२२
येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पश्चिमेकडील परगण्यांत, विशेषतः चेशर आणि श्रॉपशर भागांत, सोळाव्या शतकात लाकूड मुद्दाम दर्शनी ठेवत आणि त्यात चौकटी, तारे, तिरक्या रेषा यांची नक्षी रचत. ते लाकूड दिसावे हाच हेतू होता. तेव्हा "उघडे लाकूड म्हणजे खोटे" असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप एका प्रदेशाची आवड, तीही व्हिक्टोरियन काळात गडद करून, साऱ्या देशाच्या आणि साऱ्या मध्ययुगाच्या माथी मारण्याला आहे.

११/२२
"रंगाने काय बिघडते?" असे कोणी विचारील. पुष्कळ बिघडते. लाकूड दिसलेच पाहिजे या हट्टापायी अनेक घरांचा जुना गिलावा खरवडून काढला गेला. अशा लाकडांवर आजही गिलाव्याच्या पट्ट्यांच्या खिळ्यांची भोके आणि गिलावा धरावा म्हणून मारलेले कुऱ्हाडीचे टवके दिसतात. ते लाकूड झाकण्यासाठीच होते, याची ही कबुली. डांबर आणि सिमेंट यांनी तर अधिक हानी केली. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. डांबर व सिमेंट ती आत कोंडतात, आणि ओक आतल्या आत कुजतो. चुकीचे चित्र डोक्यात असले की हातून चुकीची दुरुस्ती होते.

१२/२२
दावा दुसरा: "जसेच्या तसे". पुन्हा आपल्या साक्षीदाराकडे येऊ. इप्सविचच्या घराचा सांगाडा जुना आहे, पण त्याचा प्रसिद्ध चेहरा रॉबर्ट स्पॅरो याने साधारण १६६० ते १६७० च्या काळात चढवला. चुना, वाळू आणि जनावरांचे केस यांच्या मिश्रणात उठावाची चित्रे घडवण्याची ही कला पूर्व इंग्लंडची खासियत. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये कायद्यानेच विटांच्या बांधकामाची सक्ती झाली. लाकडी घर जुनाट ठरू लागले. अशा काळात एका धनिकाने आजोबांच्या सांगाड्याला नव्या जमान्याचा अंगरखा घातला. या घराचे "मूळ रूप" कोणते मानायचे? सांगाडा की अंगरखा?

१३/२२
त्या अंगरख्यावर काय आहे ते पाहा. खिडक्यांखालील चौकटींत चार खंडे आहेत. युरोपच्या मागे गॉथिक इमारत, आशियाच्या मागे घुमटाकार वास्तू, आफ्रिका मगरीवर बसलेली, अमेरिकेच्या हाती तंबाखूची नळी. समुद्रदेव नेपच्यूनही आहे. ऑस्ट्रेलियाला या जगात स्थान नाही. बंदराच्या गावातल्या एका रहिवाशाने आपल्या दारावर जगाचा नकाशा काढला आणि त्यात इतर लोकांना त्यांच्या मालावरून आणि प्राण्यांवरून ओळखले. हे मध्ययुग नव्हे. ही व्यापारी साम्राज्याची पहाट आहे, आणि ती चुन्यात लिहिलेली आहे.

१४/२२
मध्यभागी राजचिन्ह आहे, दुसऱ्या चार्ल्सचे. हा राजा आपल्याला परका नाही. पोर्तुगालच्या कॅथरिनशी झालेल्या विवाहाच्या १६६१ च्या तहाने मुंबई त्याला आंदणात मिळाली, आणि १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. इप्सविचच्या भिंतीवरची ती घुमटवाली "आशिया" याच दशकांतली. जो ही भिंत पाहून केवळ "किती गोड, किती जुने" म्हणतो, त्याला तीवर स्वतःचे चित्र काढलेले दिसलेले नाही.

१५/२२
"जसेच्या तसे" म्हटले की दंतकथाही जशाच्या तशा गिळल्या जातात. या घराच्या छताखाली एक बंद जागा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उघडकीस आली, आणि वुस्टरच्या पराभवानंतर चार्ल्स येथेच लपला होता अशी कथा सांगितली जाते. आता नकाशा उघडा. ३ सप्टेंबर १६५१ ला लढाई हरल्यावर तो श्रॉपशरच्या बॉस्कोबेलला गेला, तेथून ब्रिस्टलजवळ, मग दक्षिण किनाऱ्याने शोरमला, आणि १५ ऑक्टोबरला फ्रान्सकडे निघाला. इप्सविच पूर्व किनाऱ्यावर आहे. त्या सहा आठवड्यांच्या ज्ञात मार्गात ते कोठेच बसत नाही.

१६/२२
दुसरी लाडकी दंतकथा: "ही लाकडे जुन्या जहाजांची." जवळजवळ प्रत्येक जुन्या इंग्रजी दुकानाबद्दल आणि खानावळीबद्दल ती ऐकू येते. पुरावा असा दिला जातो की लाकडांत रिकाम्या खाचा आहेत. पण रिकाम्या खाचा बहुधा दुसऱ्या पाडलेल्या घराच्या असतात. लाकूड महाग होते आणि पुन्हा वापरले जाई. जहाजाची लाकडे वाकडी. सरळ, उभ्या घरासाठी ती गैरसोयीची. गंमत अशी की जहाजाच्या लाकडांचे जे निर्विवाद उदाहरण आहे ते लंडनचे 'लिबर्टी' हे दुकान. ते १९२४ चे आहे, आणि त्यासाठी मोडलेल्या दोन युद्धनौकांपैकी एकीचे नाव होते 'हिंदुस्थान'.

१७/२२
ही नक्कल कशी पसरली तेही पाहा. वास्तुकार नॉर्मन शॉ याने इप्सविचच्या याच घराच्या पुढे आलेल्या कमानदार खिडक्या उचलल्या आणि १८७० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील एका जहाज कंपनीच्या कचेरीला लावल्या. पुढे ती खिडकी एक फॅशनच झाली. तीच हौस साम्राज्याबरोबर डोंगरांवर चढली. शिमल्याचे बार्न्स कोर्ट, जेथे १९७२ चा शिमला करार झाला, ते याच खोट्या ट्यूडर थाटाचे. आपल्या मनातले "जुने इंग्लंड" आपल्याला मध्ययुगाने दिलेले नाही. ते व्हिक्टोरियन वास्तुकारांनी रचले आणि राज्यकर्त्यांनी आपल्या दारात आणून ठेवले.

१८/२२
दावा तिसरा, आणि सर्वांत घातक: "इंग्रजांनी जपले, आपण पाडले." कॉव्हेंट्री शहराची मध्ययुगीन गल्ली 'बुचर रो' कोणी नष्ट केली? जर्मन बॉम्बनी, असे उत्तर सहज येते. चूक. तो भयानक हल्ला १४ नोव्हेंबर १९४० चा. बुचर रो त्याआधीच, १९३६ साली, नव्या रस्त्यासाठी खुद्द नगरपालिकेने पाडली. पुढे, युद्धातून वाचलेली काही लाकडी घरे सुटी करून स्पॉन स्ट्रीटवर पुन्हा उभारावी लागली. वुस्टरमध्ये कॅथीड्रलशेजारची जुनी लिच स्ट्रीट १९६० च्या दशकात, शांततेच्या काळात, बाजारसंकुल आणि हॉटेल यांच्यासाठी गेली.

१९/२२
मग जे वाचले ते कसे वाचले? स्वभावाने नव्हे, झगड्याने. विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तीच मुळी त्या काळच्या सुशोभनाच्या अत्याचाराविरुद्ध. १८८२ चा पहिला कायदा मुख्यतः प्रागैतिहासिक स्मारकांपुरता होता. राहती घरे आणि दुकाने त्याच्या कक्षेबाहेर. १९४७ च्या कायद्याने वास्तूंची यादी करण्याची पद्धत आली आणि १९६८ मध्ये परवानगीशिवाय हात लावण्यास मज्जाव झाला. आपले इप्सविचचे दुकानसुद्धा ढासळू लागले होते; १९८० मध्ये नगरपालिकेने ते विकत घेतले आणि दुरुस्त केले. जपणूक म्हणजे कायदा, पैसा आणि सुतार. रक्ताचा गुण नव्हे.

२०/२२
एक आक्षेप मला अपेक्षित आहे: "चित्र थोडे चुकीचे असेना, त्यामुळे लोकांना इतिहासाची गोडी तर लागते." गोडी लागते हे खरे. मलाही ती अशाच एका चित्राने लावली. शाळेत असताना असे एक दिनदर्शिकेचे पान मी वहीत जपून ठेवले होते. पण त्या गोडीची किंमत पाहा. जो "इंग्रजांचा स्वभाव" मानतो, तो आपल्या गावातला वाडा पडताना "आपला स्वभावच असा" म्हणून सुस्कारा सोडतो आणि घरी जातो. दोष स्वभावाचा म्हटला की कोणालाच काही करावे लागत नाही. ती ओळ स्वाभिमान दुखावते म्हणून मी चिडलो नाही. ती आळसाला पांडित्याचे रूप देते म्हणून चिडलो.

२१/२२
पुढच्या वेळी असे छायाचित्र समोर आले, तर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक: सांगाडा कधीचा? ओकच्या वर्षवलयांवरून, साल शिल्लक असेल तर, झाड तोडल्याचे सालही सांगता येते. दोन: चेहरा कधीचा, आणि तो कोणी, कोणाला दाखवण्यासाठी चढवला? तीन: ही इमारत आज उभी आहे ती कोणत्या निर्णयामुळे, आणि शेजारची कोणत्या निर्णयामुळे गेली? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर आपल्या हाती एक सुंदर चित्र आहे. इतिहास अजून आलेला नाही.

२२/२२
इप्सविचचे ते दुकान मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पुस्तके आणि छायाचित्रे यांतूनच मला ते भेटले. तरी एवढे नक्की सांगतो: त्याचे मोल ते गोठलेले मध्ययुग आहे यात नाही. जुना सांगाडा, सतराव्या शतकातला गर्विष्ठ गिलावा, विसाव्या शतकातली सार्वजनिक पैशाने केलेली डागडुजी, हे सारे थर एकाच भिंतीत वाचता येतात यात आहे. कोणा उत्साही माणसाने "मूळ लाकूड दाखवू या" म्हणून तो गिलावा खरवडला असता, तर आशियाही गेली असती, चार्ल्सचे चिन्हही गेले असते, आणि उरले असते आणखी एक काळे-पांढरे दुकान. ते मात्र खूप व्हायरल झाले असते.

धागा समाप्त. मतभेद असल्यास पुराव्यासह अवश्य मांडावेत. चुकले असेन तर दुरुस्ती याच धाग्याखाली जाहीरपणे करीन.